दीडशे बाय दीडशेतले मान्यवर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाईट उघडून बघा. वरच्या पट्टीत 'मुखपृष्ठ', 'आमच्याविषयी', 'कार्यकारिणी', 'उपक्रम', 'संपर्क' आणि यांच्यामध्ये कुठेतरी, पण हमखास, 'छायाचित्र दालन'. दालनात शिरलं की एक ग्रंथदिंडी भेटते. पालखी, पालखीत ज्ञानेश्वरी आणि पालखीला खांदा दिलेले त्या वेळचे अध्यक्ष. हे अध्यक्ष आता माजी असतात. त्यांच्यानंतर आलेलेही माजी झालेले असतात. पण दालनात त्यांच्या खांद्यावरची पालखी काही उतरत नाही, कारण ज्या मुलानं ती साईट करून दिली तो बीसीए होऊन हिंजवडीला गेला, तिथून बेंगळुरूला गेला आणि जाताना पासवर्ड बरोबर घेऊन गेला.

आमचं वाचनालय याला अपवाद नव्हतं. तालुक्याचं गाव, १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं मिळालेला 'तालुका अ' वर्ग, हप्त्याहप्त्यानं येणारं अनुदान, वरच्या मजल्यावर वाळवी आणि खालच्या मजल्यावर सकाळच्या पेपरातलं पहिलं पान कुणाकडे यावरून वाद. वेबसाईट होती, कारण शेजारच्या तालुक्याच्या वाचनालयाची होती. मी तिथे स्वीकृत सदस्य आहे. म्हणजे मला मत नाही, पण प्रिंटर अडकला की मला हाक मारायचा हक्क बाकी सगळ्यांना आहे.

जुन्या साईटवर फोटो बदलायचा तर आधी तो पेनड्राइव्हवर घ्या, लहान करा, त्याला इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता नाव द्या, एफटीपी नावाच्या वाटेनं सर्व्हरवर चढवा, मग पानाच्या कोडात शिरून त्याच्यासाठी एक ओळ टाइप करा. त्या ओळीतलं एक अवतरणचिन्ह राहिलं की फोटो दिसायचा नाहीच, वर खालचा 'संपर्क' डावीकडे जाऊन बसायचा. त्यामुळे वर्षानुवर्षं दालनाला कुणी हात लावला नाही. आणि त्या सगळ्या काळात दालनावरून एकही भांडण झालं नाही, याची नोंद तेव्हा कुणी घेतली नाही.

मग एका मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर विषय आला : 'संकेतस्थळावर सहज बदल करता येण्याजोगे छायाचित्र दालन सुरू करणेबाबत विचारविनिमय करणे.' त्याच्या आधीचा विषय वाळवीचा होता. तो चहा येईपर्यंत मंजूर झाला. दालनाचा विषय चहा येऊन, पिऊन, कप उचलून नेल्यावरही चालूच होता. एका मुद्द्यावर मात्र एकमत होतं. दालन इतकं सोपं हवं, की कुणालाही फोटो टाकता, काढता, हलवता यावा. "अगदी माझ्यासारख्यालासुद्धा," असं म्हणून अध्यक्ष जरा थांबले. 'छे छे, तुम्हाला काय अवघड' असं कुणीतरी म्हणेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. कुणी म्हणालं नाही.

एका ज्येष्ठ सदस्यांनी पिकासा सुचवलं. पिकासा गुगलनं २००४ मध्ये घेतलं आणि २०१६ मध्ये बंद केलं, पण ही वार्ता ज्येष्ठ सदस्यांपर्यंत पोचायची होती. दुसऱ्यानं गुगल फोटोजचं नाव काढलं. ते २०१५ मध्ये आलं तेव्हा हवे तितके फोटो फुकट ठेवू देत असे. १ जून २०२१ पासून प्रत्येक नवा फोटो पंधरा जीबीच्या हिशेबात धरू लागलं. हे ऐकून खजिनदारांचा चेहरा उजळला. "आधी फुकट, मग मोजून, मग पैसे," ते म्हणाले, "चहाच्या कंपन्यांनी आमच्या आजोबांना असंच लावलं." खजिनदार गेली कित्येक वर्षं फुकट या गोष्टीवर संशय घेत आले आहेत आणि दर काही वर्षांनी त्यांना असा एखादा पुरावा मिळतो.

शेवटी वर्डप्रेसवर सगळे आले. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ च्या मे महिन्यात आणलेलं हे सॉफ्टवेअर आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाईटींखाली आहे आणि फुकटच आहे. (खजिनदारांनी इथे माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं.) त्यात फोटोंचं दालन आयतंच मिळतं. पूर्वी त्यासाठी चौकटी कंसात एक मंत्र लिहावा लागायचा. २०१८ च्या डिसेंबरात नवा एडिटर आला आणि आता फोटो बोटानं उचलून इकडचा तिकडे ठेवता येतो. या नव्या एडिटरचं नाव गुटेनबर्ग आहे, असं मी सांगितलं. आतापर्यंत रजिस्टरमधून मान वर न केलेल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मग हेच घ्या." ज्याच्या छापखान्यामुळे आपली नोकरी आहे, त्याच्या नावाला नाही म्हणणं त्यांना बरं वाटलं नाही. ठराव मंजूर झाला.

पुढचा प्रश्न अधिकारांचा. वर्डप्रेसमध्ये मुळात पाच पायऱ्या असतात : ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, काँट्रिब्यूटर आणि सबस्क्रायबर. वरच्याला सगळं करता येतं, खालच्याला फक्त बघता येतं. अमेरिकेत बसून कुणीतरी सरळ मनानं केलेली ही उतरंड आमच्या कार्यकारिणीपुढे मांडली, तेव्हा पुढची दोन वर्षं पुरेल इतकं राजकारण एका संध्याकाळी झालं. अध्यक्ष ॲडमिनिस्ट्रेटर, हे उघड होतं. मग कार्यवाह म्हणाले, की घटनेप्रमाणे दैनंदिन कारभार कार्यवाहाकडे असतो. मग उपाध्यक्ष म्हणाले, की अध्यक्षांच्या अनुपस्थितीत त्यांचे सर्व अधिकार उपाध्यक्षाकडे येतात आणि इंटरनेटवर अध्यक्ष अनुपस्थितच असतात. नव्या इमारतीला मोठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांना काँट्रिब्यूटर करावं, असं मी सुचवलं. ते सर्वांना शोभून दिसलं. पण काँट्रिब्यूटरला फोटो चढवता येत नाही, हे कळल्यावर विश्वस्त म्हणाले, "अख्खा हॉल दिला, आणि एक फोटो टाकता येत नाही?" याला उत्तर नव्हतं. अखेर कार्यकारिणीतले सगळेच्या सगळे ॲडमिनिस्ट्रेटर झाले. सबस्क्रायबर म्हणून फक्त शिपाईमामा राहिले. वाचनालयाचे सगळे फोटो तेच काढतात, कारण चांगला फोन त्यांच्याकडे आहे. पासवर्ड टेबलामागच्या कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकोनात, पेन्सिलीनं लिहून ठेवण्यात आला.

रविवारी प्रशिक्षण ठेवलं. पहिला फोटो अध्यक्षांनी चढवायचा, असं ठरलं होतं. त्यांनी बटण दाबलं आणि लाल अक्षरांत नकार आला : फाइल फार मोठी आहे. आता यात वर्डप्रेसचा दोष नाही. त्याच्याखाली चालणारी पीएचपी नावाची भाषा, कुणी काही बदललं नाही तर, दोन एमबीपर्यंतचीच फाइल आत घेते. आणि मामांच्या फोनचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा. मी हे सांगत असताना खजिनदारांनी विचारलं, "ही मर्यादा धर्मादाय आयुक्तांनी घातलीय का?" नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह गेला. मर्यादा वाढवून घेतली. मग फोटो चढला, पण आडवा. अध्यक्ष दीपप्रज्वलन करत होते आणि समईसकट भिंतीला समांतर झोपले होते. ज्योतही आडवी, त्यामुळे चित्र भौतिकशास्त्राच्या दृष्टीनंही चिंताजनक होतं.

हे का होतं, ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. फोन उभा धरा नाहीतर आडवा, आतला सेन्सर चित्र आपल्याच सवयीच्या दिशेनं साठवतो आणि सोबत फाइलमध्ये बारीकशी नोंद ठेवतो : दाखवताना एवढं फिरवून दाखवावं. ही नोंद जो प्रोग्रॅम वाचतो तिथे माणसं उभी, जो वाचत नाही तिथे आडवी. वर्डप्रेसनं ती नोंद वाचून फोटो आपणहून सरळ करायला २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून सुरुवात केली. आम्हाला मिळालेली आवृत्ती त्याच्या आधीची निघाली. थोडक्यात, नोंद होती, पण ती वाचायची पद्धत नव्हती. आमच्या वाचनालयात हे कुणाला नवीन वाटलं नाही.

आवृत्ती बदलली, अध्यक्ष उठून उभे राहिले, आणि दालन खऱ्या अर्थानं सर्वांसाठी खुलं झालं.

पहिल्या आठवड्यात काय चढलं, ते मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. दिवाळी अंकांच्या प्रदर्शनाचे फोटो सहकार्यवाहांनी फोनमधून 'सगळे निवडा' करून एका दमात पाठवले होते. त्यामुळे दालनात अनुक्रमे अशी चित्रं होती : प्रदर्शनाची फीत कापताना तहसीलदार, 'शुभ सकाळ' लिहिलेला, दव पडलेला गुलाब, अंक चाळणारे वाचक, गॅस सिलिंडरची पावती, अंक चाळणारे तेच वाचक, आता कॅमेऱ्याकडे बघत, सहकार्यवाहांच्या नातवाचा पहिला दात, आणि एका गुडघ्याचा एमआरआय. गुडघ्याखाली फोटोओळ आली होती : 'दिवाळी अंक प्रदर्शन, दुसरा दिवस'. त्या आठवड्यात वाचनालयाला जेवढे फोन आले, त्यातले बरेच गुडघ्याबद्दल होते. दोघांनी डॉक्टर सुचवले, एकानं तेल.

तारखांचा घोळ वेगळाच. फोटो व्हॉट्सॲपवरून येतात. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, आणि तो कधी, कुठे काढला याची फाइलमधली नोंद काढून टाकतं. उरतं ते फाइलचं नाव. त्यातली तारीख फोटो आपल्या फोनवर आला त्या दिवसाची. त्यामुळे कुणीतरी हौसेनं पुढे पाठवलेला जुना सत्कार दालनात ताजा होऊन बसतो आणि सत्कारमूर्तींना पुन्हा अभिनंदनाचे फोन येतात. आमच्याकडे कार्यक्रम ठरलेले : २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन. व्यासपीठ तेच, सतरंजी तीच, सरस्वतीची तसबीर तीच, शाल बहुधा तीच. मागचा फ्लेक्स फोटोत आला तर वर्ष कळतं. पण फ्लेक्ससमोर मान्यवर उभे असतात आणि वर्षाचे आकडे नेमके त्यांच्या पाठीमागे जातात. मग आम्ही अंतर्गत पुराव्यांकडे वळलो. तोंडावर मास्क म्हणजे २०२०-२१. मास्क हनुवटीवर म्हणजे त्याच काळाचा उत्तरार्ध. खजिनदारांचे केस काळे म्हणजे ऑगस्ट, कारण ते वर्षातून एकदाच, ग्रंथपाल दिनाच्या आधी, कलप लावतात. या शेवटच्या कसोटीनं सगळ्यात जास्त फोटोंचा निकाल लागला. खजिनदारांना ती सांगितलेली नाही.

असल्या फोटोंना नावं ठेवणाऱ्यांसाठी एक माहिती. वेबवर चढलेल्या अगदी पहिल्या फोटोंपैकी एक १९९२ सालचा आहे. तो अणूचा नाही, उपग्रहाचा नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, जिथे वेबचा जन्म झाला तिथेच, कर्मचाऱ्यांचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होता. त्यात तिथल्याच चार बायकांचा 'ले ऑरिब्ल सर्नेत' नावाचा गट भौतिकशास्त्रावर विनोदी गाणी म्हणे. त्यांच्यासाठी गाणी लिहिणाऱ्या, तिथेच संगणकाचं काम करणाऱ्या सिल्वानो द जेन्नारो यांनी त्यांचा फोटो काढला, संगणकावर सजवला, आणि टिम बर्नर्स-ली यांच्या गटानं तो वेबवर चढवला. म्हणजे वेबचं तान्हेपण संपायच्या आत तिथे काय आलं? स्नेहसंमेलनाचा, थोडा सजवलेला ग्रुप फोटो. आमचं दालन या परंपरेतलंच आहे.

खरा स्फोट झाला तो कापाकापीवरून. आपण एक फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहानमोठ्या प्रती आपल्या आपण करून ठेवतं. सगळ्यात लहान प्रत चौरस असते : दीडशे पिक्सेल रुंद, दीडशे उंच. आमच्या मुखपृष्ठावरच्या पट्टीत हीच प्रत दिसते. आता लांबट फोटोचा चौरस करायचा तर काहीतरी कापावं लागणार. वर्डप्रेस मध्य धरतं आणि दोन्ही कडा सारख्या कापतं. फोनचा फोटो सोळा बाय नऊचा असेल तर प्रत्येक बाजूचा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग जातो. चौकट भरून सात जण ओळीत उभे असतील तर टोकाचे दोघे पूर्ण जातात आणि त्यांच्या शेजारचे दोघे अर्धे.

हे गणित निरुपद्रवी वाटेल. पण व्यासपीठावर लोक कसे उभे राहतात, ते आठवा. मधोमध प्रमुख पाहुणे, त्यांच्या उजव्या हाताला अध्यक्ष, डाव्या हाताला उद्घाटक, मग कार्यवाह, मग देणगीदार, आणि मान उतरत उतरत टोकाला उपाध्यक्ष. म्हणजे यंत्रानं अगदी ज्येष्ठताक्रमानुसार खालून माणसं कापली होती. वाचन प्रेरणा दिनाच्या फोटोत उपाध्यक्षांचं फक्त मनगट राहिलं होतं, त्यावरचं घड्याळ मात्र स्पष्ट. फोटोवर क्लिक केलं की पूर्ण चित्र उघडतं, हे मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "क्लिक कोण करतंय?" हा प्रश्न योग्य होता. "मुद्दाम मलाच कापलं," असं ते पुढे म्हणाले. यंत्राला कोण कुठे उभं आहे ते कळत नाही, ते फक्त मध्य धरतं, असं मी सांगितलं. "मग मध्य धरायला त्याला शिकवलं कुणी?" असं विचारून त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

पुढच्या कार्यक्रमात फोटोची वेळ झाली तेव्हा व्यासपीठावर एक विलक्षण हालचाल दिसली. सगळे मध्याकडे सरकले. प्रमुख पाहुण्यांचा पुष्पगुच्छ त्यांच्याच हनुवटीखाली दाबला गेला. सत्कारमूर्तींची शाल एका बाजूनं कार्यवाहांच्या पायाखाली. फोन धरून उभे असलेले मामा ओरडत होते, "साहेब, जरा पसरा, जरा पसरा," आणि कुणी पसरायला तयार नव्हतं. त्यातून कार्यवाहांनी तोडगा काढला. स्वागतगीत म्हणणाऱ्या दोन शाळकरी मुलींना टोकांना उभं करायचं. कापायचं ते यंत्र कापेल. दोन कार्यक्रम हे निभलं. मग एका मुलीच्या आईचा फोन आला, की आमच्या मुलीची फक्त परकराची किनार दिसते. त्या बाई वाचनालयाच्या आजीव सदस्य निघाल्या.

दालनाच्या आतल्या पानावर कापाकापी बंद करायचं बटण आहे. ते दाबलं. त्याबरोबर फोटो आपापल्या मूळ आकारात आले आणि ओळी वेड्यावाकड्या झाल्या. उभा फोटो उंच, आडवा फोटो बुटका. अध्यक्षांचा फोटो आडवा होता. बटण त्याच संध्याकाळी परत दाबण्यात आलं. कुणी, ते सांगत नाही, पण ते समजायची सोय आहे आणि तिच्याकडेच आता येतो.

वर्डप्रेस पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवतं : कुणी बदल केला, कुठल्या दिवशी, किती वाजता. ही सोय लोकांच्या चुका सुधारायला केलेली आहे. आमच्याकडे मात्र मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करताना दर वेळी 'मी असं म्हणालोच नव्हतो' असं कुणीतरी म्हणतं आणि ते वाक्य गाळलं जातं. इथे गाळता येईना. फोटो बोटानं उचलून पहिल्या जागी ठेवता येतो, हे कळल्यापासून पहिली जागा रोज हलत होती. सकाळी ग्रंथदिंडी पहिली असायची, दुपारी सत्कार, रात्री हॉलचं भूमिपूजन. आवृत्त्यांची यादी उघडली तर सगळं ओळीनं लिहिलेलं : रात्री अकरा चाळीस, विश्वस्त, भूमिपूजन वर. अकरा बावन्न, कार्यवाह, भूमिपूजन खाली. बारा सात, विश्वस्त. बारा नऊ, कार्यवाह. ही माणसं दिवसा सभेत एकमेकांना "आपण बोला, आपण बोला" म्हणतात. दोघंही वयानं पासष्टच्या पुढची, दोघांनाही डॉक्टरांनी दहाला झोपायला सांगितलेलं.

मधल्या काळात एक फोटो कायमचा गेला. दालनातून फोटो काढणं वेगळं आणि मीडिया लायब्ररीतून काढणं वेगळं; पहिल्यात तो नुसता दिसेनासा होतो, दुसऱ्यात साफ जातो. लेख किंवा पान पुसलं तर ते आधी कचऱ्याच्या पेटीत जातं, तिथून परत आणता येतं. फोटोला, वेगळी तजवीज केली नसेल तर, पेटी नाही. एकदा विचारतं, हो म्हटलं की संपलं. हे कळल्यावर सगळ्यात जास्त धक्का ग्रंथपालबाईंना बसला. त्यांच्या राज्यात एक पुस्तक, मग त्याचं पुठ्ठ्यासकट पीठ झालेलं असो, निर्लेखित करायचं तर यादी करावी लागते, समितीपुढे ठेवावी लागते, ठराव लागतो, दाखल नोंदवहीत त्या क्रमांकासमोर शेरा मारावा लागतो. "वाळवीसुद्धा इतक्या लवकर खात नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून फोटो चढवल्यावर त्याची माहिती भरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. कुणी हरकत घेतली नाही, कारण त्यात कष्ट होते आणि त्यात कुणाचा फोटो पुढेमागे होत नव्हता.

प्रत्येक फोटोला माहितीच्या चार चौकटी असतात. त्यातली फोटोओळ सगळ्यांना दिसते, म्हणून ती सगळे तपासतात. 'डावीकडून' नंतर कोण, 'ॲड.' राहिलं का, 'मा.' एकदा की दोनदा. पण 'ऑल्ट टेक्स्ट' नावाची आणखी एक चौकट असते, पर्यायी मजकुराची. ती पडद्यावर दिसत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्या संगणकावरचं वाचक सॉफ्टवेअर फोटोच्या जागी ती वाचून दाखवतं. फोटोत काय आहे ते तिथे सरळ शब्दांत लिहायचं असतं. बाईंनी उभी हयात पुस्तकांचं वर्णन तालिकापत्रांवर लिहिण्यात घालवली आहे : जे आहे ते, जेवढं आहे तेवढं, विशेषण नको. त्याच शिस्तीनं त्यांनी ही चौकट भरली.

फोटोओळ म्हणत होती : 'मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आयोजित व्याख्यानास रसिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.' पर्यायी मजकूर म्हणत होता : 'खुर्च्यांच्या सात रांगा. पहिल्या दोन रांगांत माणसं. पाचव्या रांगेत एक मूल झोपलेलं.' फोटोओळ : 'मान्यवरांच्या हस्ते ग्रंथपूजन.' पर्यायी मजकूर : 'सहा जण एका पुस्तकावर हळद वाहत आहेत. पुस्तक बंद आहे.' फोटोओळ : 'नूतन कार्यकारिणीचा पदग्रहण सोहळा, डावीकडून' आणि पुढे पाच ओळी नावं. पर्यायी मजकूर : 'पुरुष नऊ, स्त्री एक. स्त्रीच्या हातात ट्रे.'

हे महिनोनमहिने चाललं. बाईंनी लपवाछपवी केली, असं कुणालाही म्हणता येणार नाही. सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटरचे पूर्ण अधिकार होते. कुणालाही ती चौकट उघडता आली असती, वाचता आली असती, बदलता आली असती. पण तिथे काही लिहिलं तरी पडद्यावर दिसत नाही म्हटल्यावर कार्यकारिणीतल्या एकाही माणसाला तिच्यात रस उरला नव्हता.

मग वार्षिक सर्वसाधारण सभा आली. आमच्या सभासदांत एक निवृत्त संगीत शिक्षक आहेत. दृष्टी नाही, पण नातीनं त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए घालून दिलं आहे. मायकेल करन आणि जेम्स टे या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी घडवलेलं हे सॉफ्टवेअर २००६ पासून आहे आणि पूर्ण फुकट आहे. मराठीही वाचतं, जरा नाकात. ऐनवेळच्या विषयांत गुरुजी उठले आणि म्हणाले, "मला अभिनंदनाचा ठराव मांडायचाय. मी बऱ्याच संस्थांच्या साईटी ऐकतो. सगळीकडे फोटो आला की मशीन नुसतं 'आयएमजी, डॅश, झिरो झिरो फोर' म्हणतं. आपलं दालन पहिलंच, जे ऐकताना मी पोट धरून हसलो. तो हळदीचा फोटो मी बायकोला तीनदा ऐकवला."

अध्यक्षांनी आधी हात जोडून अभिनंदन स्वीकारलं. मग विचारलं, "कुठला हळदीचा?" गुरुजींनी म्हणून दाखवला. त्यांचं पाठांतर चांगलं आहे. एकामागून एक सगळे फोटो त्यांनी, आवाजात योग्य तिथे चढउतार देत, सभेला ऐकवले. सात रांगा आल्या, झोपलेलं मूल आलं, ट्रे आला. पाठीमागच्या सभासदांना हसू आवरेना. पहिल्या रांगेत हसू आवरायची गरज कुणालाच पडली नाही. विश्वस्तांनी भूमिपूजनाच्या फोटोत काय लिहिलंय, असं विचारलं आणि विचारल्याचा त्यांना लगेच पश्चात्ताप झाला, कारण गुरुजींना तोही पाठ होता : "कुदळ एक. हात अकरा."

बाई रजिस्टर मिटून शांतपणे म्हणाल्या, "चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करते." आता यात चुकलं काय, ते सांगायला उठणार कोण? हात अकराच होते. कुणीतरी मोजले.

अभिनंदनाचा ठराव मंजूर करावाच लागला. गुरुजींना नाही म्हणायची सोय नव्हती. त्यालाच जोडून दुसरा ठराव झाला, की यापुढे पर्यायी मजकुराचं धोरण ठरवण्यासाठी अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि विश्वस्त यांची उपसमिती नेमण्यात यावी आणि धोरण ठरेपर्यंत सध्याची व्यवस्था चालू ठेवावी. उपसमितीची पहिली बैठक झाली. मामांनी फोटो काढला, बाईंनी तो चढवला आणि फोटोओळ उपसमितीनं स्वतः, दोन वेळा दुरुस्त करून, दिली. धोरण अजून ठरायचं आहे. तोवर गुरुजींना घरी बसून त्या फोटोच्या जागी ऐकू येतं : 'एका टेबलाला खुर्च्या तीन. माणसं तीन, मधल्या खुर्चीपाशी.'